पाहुण्यांचं सामान

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणणाऱ्या शहाण्याने राखटोली पाहिलेली नसावी. राखटोलीत पैशाचंच सोंग आणतात, आणि तेही अगदी रीतीने, सगळ्यांनी मिळून.

तुमसरला राइस मिलांच्या मागे ही वस्ती आहे. मिलच्या धुरांड्यातून कोंड्याची काळी राख उडते आणि थेट इथे उतरते. वाळत घातलेल्या साडीवर, उघड्या राहिलेल्या भातावर, झोपलेल्या लेकराच्या पापण्यांवर. म्हणून राखटोली. दीडशेक झोपड्या. भिंती बारदान्याच्या नाहीतर कुडाच्या, वर जुनं टिन, आणि टिन जिथे संपलं तिथे ताडपत्री. नळ एक, तोही दिवसातून तासभर. उंदीर मात्र मुबलक. मिलच्या धानावर पोसलेले हे उंदीर असे दांडगे की मांजरंच त्यांना वाट सोडतात.

तर या राखटोलीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की गल्लीभरातून त्या घरी सामान गोळा होई. त्याला नावच पडलं होतं, पाहुण्यांचं सामान. जागेश्वरच्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या, धर्मेंद्रचा टीव्ही, कुणाचे सहा कप, कुणाची फुलाफुलांची चादर. दाराशी उभी करायला जागेश्वरचीच मोटरसायकल. पाहुणे बसले, चहा प्याले, गेले, की तासाभरात सामान ज्याचं त्याच्या घरी. एकदा एका मुलाकडचे लोक पंधरा दिवसांच्या अंतराने दोन घरी मुली बघायला आले. दुसऱ्या घरी बसल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने खुर्चीच्या तुटक्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिच्यावर मी मांगंच बसलो होतो बापा." पण तोही हसून म्हणाला. त्याच्या वस्तीत काही वेगळं चालत नसणार.

कुंताबाईने आजवर दुसऱ्यांच्या मुलींसाठी खुर्च्या वाहिल्या होत्या. आता पाळी तिच्या रीनाची होती.

कुंताबाई मिलमध्ये झाडलोट करायची, सांडलेला तांदूळ गोळा करून चाळायची, खडे वेचायची. नवरा तुलाराम त्याच मिलमध्ये हमाल. वीस वर्षं पोती वाहून त्याची मान पुढे वाकली ती वाकलीच, आता तो सरळ उभा राहिला तरी काहीतरी शोधत असल्यासारखा दिसे. रीना बाजारात कपड्याच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडायची आणि पुन्हा घडी घालायची. तिघंही सकाळी आठला घराबाहेर. तिघं राबतात तर घरात काही उरत का नाही, असं कुंताबाईला कुणी विचारलं असतं तर तिने त्याच्या थोबाडीत दिली असती. उरतं कसं, एक पावसाळा टिन घेऊन जातो आणि एक आजारपण बाकीचं.

तिचं मागणंही काही मोठं नव्हतं. तिला घरकुल पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण घरकुलही नाही, त्यातली न्हाणी. पक्क्या भिंतींची, दार असलेली, दाराला आतून कडी असलेली न्हाणी. लग्न होऊन इथे आली त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं ती चार बांबूंना गुंडाळलेल्या जुन्या साडीच्या आड, उजाडायच्या आत, अंगावरचं लुगडं न सोडता आंघोळ करत होती. कुणी खाकरलं की लोटा खाली ठेवायचा, पाय वाजले की श्वास धरायचा. रीना बारा वर्षांची झाली तेव्हापासून तीही तशीच. उद्या रीना सासरी जाईल, तिथे असेल नसेल ते तिचं नशीब. पण कुंताबाई कुठे जाणार होती? तिला इथेच म्हातारी व्हायचं होतं, आणि म्हातारपणी तरी तिला एकदा पूर्ण अंगावर पाणी घ्यायचं होतं.

घरकुलाच्या यादीत तिचं नाव दोनदा हुकलं. पहिल्यांदा सर्वेवाले आले तेव्हा तिघंही कामावर. 'घर बंद' असा शेरा पडला. दुसऱ्यांदा तुलारामची आई वारली आणि हे सगळे दहाव्याला गावाकडे गेले होते. आता तिसरी यादी होणार आणि ती शेवटची, असं लोक म्हणत. लोक हेही म्हणत की मोबाइलवर घराचा फोटो निघतो, आणि फ्रीज, गाडी, टीव्ही असं काही दिसलं की नाव कटलंच समजा. कधी होणार सर्वे, हे मात्र कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. निदान कुंताबाईला तरी तसं वाटत होतं.

रीनाला बघायला येणार होते कारध्याचे लोक. मुलगा भुपेंद्र छोटा हत्ती टेम्पो चालवायचा. गाडी मालकाची, पण चावी याच्या खिशात. त्याची आई यशोदाबाई वैनगंगेतले मासे विकायची. नवऱ्यामागे तिने एकटीने घर उभं केलं होतं, आणि बाई फटकळ पण मनाची साफ, असं सगळे सांगत. असं स्थळ राखटोलीत रोज येत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी कुंताबाई मिलमधून आली आणि केसांतली राखही न झटकता सामान मागायला निघाली. तिला अनुभव होता. मागायला गेलं की जागेश्वर आधी खुर्च्यांची तब्येत सांगतो, मग मागच्या वेळी कुणी पाय मोडला ते सांगतो, मग बायकोला विचारतो. धर्मेंद्रचा टीव्ही तर दर वेळी नेमका त्याच दिवशी बिघडलेला असतो. पण आज नवलच झालं. ती अजून गल्लीच्या तोंडाशी होती, तर जागेश्वर स्वतः मोटरसायकल ढकलत तिच्या दाराशी घेऊन येत होता.

"राहू दे वहिनी दोन दिवस," तो म्हणाला. "घाई काय हाय परत कराची?"

धर्मेंद्र खांद्यावर टीव्ही घेऊन आला. कप आले, चादर आली, कुणी न मागता मिक्सर आणून ठेवला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शेजारच्या चंद्रभागाबाईंनी फ्रीज दिला.

हा फ्रीज म्हणजे चंद्रभागाबाईंचा जीव. पूर्वी त्या जवाहरनगरला सरकारी क्वार्टरांमध्ये भांडी घासायच्या. एका साहेबाची बदली झाली तेव्हा जाताना बंद पडलेला फ्रीज तो यांना देऊन गेला. राखटोलीत आल्यापासून तो एक दिवस चालला नव्हता. पण चंद्रभागाबाई त्यात रेशनचा तांदूळ ठेवत. सगळ्या वस्तीत उंदरांना न उघडणारी ती एकच वस्तू होती. मुलगा-सून नागपूरला कामाला गेले ते गेलेच. महिन्याचा तांदूळ महिनाभर पुरवायचा असेल तर या बाईला त्या फ्रीजशिवाय गत्यंतर नव्हतं. पाहुण्यांच्या सामानात तो त्यांनी कधी दिला नव्हता, कुणी नुसतं टेकून उभं राहिलं तरी ओरडायच्या. आणि आज त्यांनी स्वतः तांदूळ काढून गाठोड्यात बांधला, गाठोडं आढ्याला टांगलं आणि म्हणाल्या, "ने वो कुंते. पोरीचं काम हाय. पोरगी का तुह्या एकटीची हाय?"

कुंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ती तुलारामला म्हणाली, "पाह्यलं का? गरिबाले गरीबच कामी पडते."

रीनाला हे काही पटत नव्हतं. "आई, फ्रीज काहून आनला? तो तं चालतही नाही."

"चालाचं काय काम हाय त्याचं? उभा राह्यला तरी पुरे."

"अन् लग्न झाल्यावर त्याईले मालूम पडन तवा?"

"तवाचं तवा पाहू. सगळ्याईचं असंच होते."

खरी भीती रीनाची नव्हती, तुलारामची होती. तुलाराम सरळ माणूस. त्याला विचारलं ही गाडी कोणाची, तर तो म्हणेल जागेश्वरची, आणि वर जागेश्वरने ती कुठून घेतली तेही सांगेल. म्हणून कुंताबाईने त्याला समोर बसवला आणि शाळेतल्या पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तसं घोकून घेतलं.

"कोनी काही पुसलं तं काय सांगाचं?"

"आपलंच हाय."

"गाडी?"

"आपलंच हाय."

"टीवी?"

"आपलंच हाय."

"फ्रीज?"

"चंद्रभा..." तुलाराम म्हणाला आणि बायकोचे डोळे पाहून थांबला. "आपलंच हाय."

झोपेपर्यंत त्याने ते इतक्यांदा म्हटलं की सकाळी दारात आलेलं कुत्रं कुणाचं म्हणून कुणी विचारलं, तर त्यालाही तो म्हणाला, आपलंच हाय. कुंताबाईला हसू आलं. गेल्या कित्येक दिवसांत ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघांनी कामाला खाडा केला. अकराच्या सुमाराला पाहुणे आले. छोटा हत्ती गल्लीत शिरेना, म्हणून तोंडाशीच उभा करून यशोदाबाई आणि भुपेंद्र पायी आले. यशोदाबाईंचे हात राकट, बोटांवर माशांच्या काट्यांचे जुने वण. त्या बसल्या आणि एका नजरेत सगळं घर पाहून घेतलं. भुपेंद्र लाजरा निघाला, चादरीवरच्या फुलांकडेच पाहत बसला. रीनाने पाणी दिलं, दोघांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं आणि दोघंही एकाच वेळी दुसरीकडे पाहू लागले. कुंताबाईला बरं वाटलं. ती चहा करायला मागच्या बाजूला चुलीकडे गेली.

चहाला उकळी येत होती तेवढ्यात पुढून एका बाईचा आवाज आला. गल्लीतली कुणी डोकावली असेल, असं कुंताबाईला वाटलं. ती बाई काहीतरी विचारत होती आणि तुलाराम उत्तर देत होता.

"आपलंच हाय," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "आपलंच हाय." आणि तिसऱ्यांदा तर असा ठासून की मिलमध्ये मुकादमासमोर तो जन्मात असा बोलला नव्हता.

शिकला बापा एकदाचा, कुंताबाई मनाशी म्हणाली, आणि कप घेऊन पुढे आली.

दारात एक तरुण मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली. तिने मोबाइल दोन्ही हातांत आडवा धरला होता आणि ती फ्रीजचा फोटो काढत होती. टीव्ही आणि खुर्च्याही त्यात येतील अशा बेताने ती दोन पावलं मागे सरकली.

"तुमी कोन मॅडम?" कुंताबाईने विचारलं.

"घरकुलाचा सर्वे आहे काकू. तुमचंच नाव कुंताबाई ना? झालंच आहे, काकांनी सगळं सांगितलं."

कुंताबाईने हातातला ट्रे रीनाकडे दिला. दिला म्हणजे तिच्या हातावर जवळजवळ टाकलाच. मग पाहुण्यांकडे पाहून कसंबसं हसली, "आलीच मी," म्हणाली आणि त्या मुलीला दंडाला धरून बाहेर गल्लीत घेऊन गेली.

"मॅडम, ते नोका लिवू. ते सामान आमचं नाही."

"काका तर म्हणाले तुमचंच आहे."

"त्याईले मीच तसं सांगतलं होतं. पोरीले पाह्याले पाहुने आले हायेत. मांगून आनलं हाय सगळं."

त्या मुलीने ओढणी खाली केली. घामेजलेला, थकलेला चेहरा. वाईट नव्हती बिचारी. "काकू, आज चाळीस घरं करायची आहेत मला. मी अजून पाठवलं नाही, बदलता येईल. पण मग हे सामान कोणाचं ते सांगा. फोटो निघालाय. त्या घरावर लावावं लागेल."

कुंताबाईने मागे दाराच्या पडद्याकडे पाहिलं.

"आणि आजच कशाला आणलं तुम्ही?" मुलगी म्हणाली. "काल सकाळी, परवा सकाळी, दोन्ही दिवस इथून रिक्षा फिरवली की आम्ही. भोंग्यावर सांगितलं, गुरुवारी सर्वे आहे, घरी राहा म्हणून."

काल सकाळी आणि परवा सकाळी. दोन्ही सकाळी कुंताबाई मिलमध्ये तांदूळ चाळत होती, आणि तुलाराम पोती वाहत होता, आणि रीना साड्यांच्या घड्या घालत होती. भोंगा ऐकला होता घरी राहणाऱ्यांनी.

तिने गल्लीकडे पाहिलं. सगळी दारं उघडी होती. जागेश्वर दाराशी मातीत बसला होता, आत खुर्ची नव्हती, काही नव्हतं. धर्मेंद्रच्या घरी टीव्हीच्या जागी देवाचा फोटो लावलेला. ज्यांनी मिक्सर आणून दिला त्यांच्या दारात फक्त एक घागर. अख्खी गल्ली आज गरीब दिसत होती, आणि एकटी कुंताबाई श्रीमंत.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. काल कुणी कुरकुर का केली नाही, गाडी आपल्या पायांनी दाराशी कशी आली, 'राहू दे दोन दिवस' म्हणजे काय, सगळं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मदत केली नव्हती. त्यांनी आपापल्या घरातली अडचण उचलून तिच्या घरात आणून टाकली होती, आणि ती मात्र त्यांच्या पाया पडायची बाकी राहिली होती.

चंद्रभागाबाई शेजारच्या दारात उभ्या होत्या. कुंताबाईने त्यांच्याकडे पाहिलं तशा त्या पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागल्या.

"सांगा ना काकू," मुलगी म्हणाली. "फ्रीज कोणाचा?"

एक नाव घ्यायचं होतं. एक घेतलं की बाकीची आपोआप निघाली असती. गाडी त्याची, टीव्ही याचा. तिचं घर यादीत राहिलं असतं आणि चार घरं गेली असती. जाऊ देत की गेली तर, कुंताबाईला वाटलं. मला कुणी विचारलं होतं? तिने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं.

मागून बारदान्याचा पडदा सरकला. यशोदाबाई दारात आल्या होत्या.

"काय झालं ईहीनबाई?" त्या म्हणाल्या. "चाय थंडा होऊन राहिला."

ईहीनबाई म्हणाल्या. म्हणजे सोयरीक त्यांनी मनाशी पक्की केली होती. अजून चहा झाला नव्हता, देण्याघेण्याचं बोलणं नव्हतं, आणि बाई ईहीन म्हणून हाक मारून मोकळी झाली होती. आता गल्लीत उभं राहून, सगळ्यांच्या देखत, हा फ्रीज चंद्रभागेचा आणि ती गाडी जागेश्वरची असं ओरडायचं? त्या पडद्याआड रीना ट्रे हातात धरून उभी होती.

कुंताबाईने जिभेवरचं नाव गिळलं. कडू औषध गिळावं तसं.

"लिवा मॅडम," ती म्हणाली. "आमचंच हाय."

मुलीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मोबाइलवर अंगठा दाबला. "मग तुमचं नाव नाही बसणार काकू," ती हळू आवाजात म्हणाली, आणि ओढणी पुन्हा वर घेऊन चंद्रभागाबाईंच्या दाराकडे वळली.

कुंताबाई आत आली. तिला वाटलं होतं की रडू येईल, पण आला तो नुसता संताप, आणि तो काढायला जागा नव्हती. नवऱ्यावर काढावा तर त्याला पढवलं कुणी? तिनेच. तुलाराम तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होता. एवढा पाठ त्याने एकदाही न चुकता म्हटला होता.

यशोदाबाई फ्रीजजवळ गेल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, आत हात घातला, रबर दाबून पाहिलं, दार लावलं, पुन्हा उघडलं. आतून तांदळाचा वास आला.

"चालत नाही ना हा?" त्यांनी विचारलं.

कुंताबाईला काय बोलावं सुचेना. तुलारामला मात्र सुचलं. "आपलंच हाय," तो म्हणाला.

यशोदाबाई मोठ्याने हसल्या. "असू द्या भाऊ. न चालू दे. मले असाच पायजे होता. मासोया ठेवाले मी थर्माकोलचा डब्बा घेतो, त्याले उंदरं कुरतडून टाकते. ह्याच्यात बरफ टाकला का दुसऱ्या दिसापर्यंत मासोई ताजी." त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि एकदम कामाचं बोलल्या. "ईहीनबाई, पोरगी आमाले पसंत हाय. भुप्यालेही हाय, तो बोलत नाही, पन त्याचे कान लाल झाले का समजाचं. हुंडा नोको, काही नोको. लग्नात हा फ्रीज तेवढा द्या. दुसरं काही मांगाचं असन तं मंग पाहू."

कुंताबाईच्या दाराशी येऊन ऐकत उभ्या असलेल्या जागेश्वरने 'दुसरं काही' एवढंच ऐकलं. त्याने मोटरसायकल सुरूसुद्धा केली नाही. स्टँड काढला आणि आवाज न करता ती गल्लीबाहेर ढकलत घेऊन गेला.

कुंताबाई बोलणार होती. सांगणार होती की फ्रीज नको, दुसरं काही मागा, भांडी मागा. खरंच सांगणार होती. पण मधली भिंत बारदान्याची. पलीकडे झालेला शब्दन् शब्द इकडे ऐकू येत होता.

"टीव्ही?" मॅडम विचारत होती.

"नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"फ्रीज?"

"कुठला फ्रीज मॅडम? माह्यासारख्या रांडमुंड बाईच्या घरी फ्रीज कुठून येन? पाहा ना तुमी, हे गाठोडं टांगलं हाय, हेच माहं सगळं."

कुंताबाई त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"लग्नापर्यंत कायले थांबता ईहीनबाई?" ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम चढवला, पलीकडे जावा असा. "गाडी आनलीच हाय तुमी. आजच न्या."

"आई," रीना दबक्या आवाजात म्हणाली.

"तू चूप."

"आज?" यशोदाबाईंना नवल वाटलं, पण बाई व्यवहाराची. देणारा देतो म्हणतो तर नको कशाला म्हणा. "बरं तं. भुप्या, उठ."

भुपेंद्र उठला, पण तुलारामने त्याला हात लावू दिला नाही. त्याने खांद्यावरचा दुपट्टा फ्रीजला आवळला, पाठ लावली, आणि वाकलेली ती मान आणखी वाकवून फ्रीज एकट्याने उचलला. इतकी वर्षं त्याने लोकांचीच पोती वाहिली होती, त्याला त्यात वेगळं काही वाटलं नसावं. तो गल्लीत निघाला. पुढे भुपेंद्र वाट मोकळी करत, मागे यशोदाबाई.

चंद्रभागाबाईंच्या दारात मॅडम फोटो काढत होती. फ्रीज येताना पाहून ती बाजूला झाली.

"सांभाळून काका," ती म्हणाली.

चंद्रभागाबाईंचं तोंड उघडलं. मग मिटलं. फ्रीज त्यांच्यासमोरून, हातभर अंतरावरून गेला. त्याच्या दारावर साहेबाच्या पोराने कधीकाळी चिकटवलेलं फूल होतं, ते त्यांनी इतकी वर्षं ओल्या फडक्याने पुसलं होतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. बोलल्या असत्या तर फ्रीज मिळाला असता, आणि घर गेलं असतं. कुंताबाई दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. बोल ना, ती मनात म्हणत होती, आता बोल.

त्या बोलल्या नाहीत.

छोटा हत्ती गेला. मॅडम पुढची दोन घरं करून पलीकडच्या गल्लीकडे वळली. मग चंद्रभागाबाई हळूहळू कुंताबाईच्या दाराशी आल्या.

"कुंते, तो फ्रीज माहा होता."

"होता ना. मंग मॅडमले काहून नाही सांगतलं?"

चंद्रभागाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मले वाटलं, तुही पोरगी तं लग्न करून जाऊन राहिली. तुमी दोघंच उरान. तुमाले पक्कं घर कायले पायजे?"

कुंताबाईला वाटलं, या बाईला आत्ता इथे, बावीस वर्षांचं सगळं सांगावं, पहाटेच्या थंडीतलं, लोट्याचं, श्वास धरण्याचं. पण ही बाईही तशाच साडीच्या आड आंघोळ करत होती, तिच्याहून जास्त वर्षं. हिला काय सांगायचं? आणि हिला ठाऊक असून हिने हे केलं, याचाच राग जास्त होता.

"तांदूळ कुठी ठेवू मी आता?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. त्या भांडायला आल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

"घरकुलात ठेवजो," कुंताबाई म्हणाली.

म्हणाली, आणि तिला वाटलं आता तरी जीव थंड होईल. झाला नाही. घरकुल मिळालंच तर आणखी चार-पाच वर्षांनी मिळणार होतं. चंद्रभागाबाई वळल्या आणि आपल्या घरात गेल्या, आणि त्या आत गेल्यावर आढ्याच्या गाठोड्याखाली त्यांनी पाट ओढल्याचा आवाज भिंतीतून आला. राखण करत बसणार होती म्हातारी.

मग एकेक जण सामान न्यायला येऊ लागला. धर्मेंद्र टीव्ही घेऊन गेला, कपवाली कप घेऊन गेली, मिक्सर गेला, चादर गेली. कुणी कुंताबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, आणि तिनेही कुणाला एक शब्द विचारला नाही. सर्वांत शेवटी जागेश्वरची बायको खुर्च्या घ्यायला आली. तिने पाय मोजले, हात हलवून पाहिले आणि चारही खुर्च्या एकात एक घालून घेऊन गेली. घरात आता एक चूल, दोन पातेली, एक गोधडी आणि तिघं माणसं उरली. घर अगदी फोटो काढण्यासारखं झालं होतं, आणि मॅडम तोवर पार शेवटच्या गल्लीत पोचली होती.